बाद पेटी

वहीच्या प्रत्येक पानाच्या माथ्याला एक प्रश्न छापलेला होता. ‘आज मनाला काय भावलं?’ पुढच्या पानावर, ‘आज कुणाचे आभार मानावेसे वाटले?’ त्याच्या पुढे, ‘आजचं हसू कशामुळे?’

घारमावशीने कात्री घेतली आणि सगळ्या पानांचे माथे कापून टाकले. सरळ कापले, पट्टी धरून. एकही पान तिरकं गेलं नाही. कापलेल्या कपट्यांची चळत तिने स्वयंपाकघरातल्या खिळ्याला अडकवली. बाजारातून काय आणायचं ते लिहायला ते कपटे बरे होते.

“नवीकोरी वही होती गं, आई!” लेक म्हणाली.

“अजूनही आहे. फक्त तिचं तोंड बंद केलंय.”

घार हे नाव तिला कारखान्यात पडलं. काचेच्या बाटल्यांचा कारखाना. भट्टीतून निघालेल्या बाटल्या सरकत्या पट्ट्यावरून एकामागे एक येत, उजेडाच्या पांढऱ्या पडद्यापुढून जात, आणि पडद्यासमोर स्टुलावर ती बसलेली असे. बुडबुडा असलेली, चिरलेली, तळाशी खडा राहिलेली बाटली दिसली की उचलायची आणि डावीकडच्या बाद पेटीत टाकायची. बाकीच्या जाऊ द्यायच्या. नोकरीभर तिने हेच केलं. बसून करायचं काम म्हणून लोकांना ते सोपं वाटतं. ज्याला वाटतं त्याने तासभर एका जागी बसून चालत्या वस्तूकडे बघावं, आणि मध्ये एकदाही दुसरा विचार मनात येऊ देऊ नये. मग बोलावं.

पाळीतल्या बायका तिला घार म्हणायच्या. नव्या पोरी आल्या, त्यांनी पुढे मावशी जोडलं. निवृत्त झाली तेव्हा पुष्पगुच्छ कारखान्यातच विसरून आली, नाव तेवढं बरोबर आलं.

वहीचं प्रकरण सुरू झालं ते ती पडली म्हणून.

तिच्या दोन खोल्या तिसऱ्या मजल्यावर. जिन्याला खिडकी नाही, भरदुपारीही तिथे काळोख. थंडीत एकदा वर चढताना दुसऱ्या मजल्याच्या वळणावर तिचा पाय चुकला आणि ती चार पायऱ्या खाली आली. उठली, पिशवीतले सांडलेले बटाटे चाचपून गोळा केले आणि वर गेली. कुणाला काही बोलली नाही. तळमजल्यावरच्या शिंपिणीने तिची काळीनिळी कोपरं पाहिली आणि लेकीला फोन केला. लेकीने भावाला केला. दोघं धावत आली.

“पडलीस आणि सांगितलं नाहीस?” मुलगा ओरडलाच.

“पडले, उठले. मध्ये सांगण्यासारखं काय होतं?”

“हे असं चालायचं नाही, आई. आमच्याकडे चल. ह्या खोल्या सोडून देऊ.”

“मी काय तुझ्या गोदामातलं खोकं आहे? ह्या फळीवरचं उचललं, त्या फळीवर ठेवलं!”

मुलगा मोटारींच्या सुट्या भागांच्या गोदामात मोठ्या हुद्द्यावर आहे. गोदामावरून बोललेलं त्याला लागतं. लेक एका दवाखान्यात चौकशीच्या खिडकीशी बसते. तिने मधला मार्ग काढला. आईने महिनाभर रोज वहीत लिहावं. काय केलं, काय खाल्लं, कसं वाटलं. महिना झाला की तिघांनी बसून वही वाचायची आणि खोल्या ठेवायच्या की सोडायच्या ते ठरवायचं.

“एकटं राहणाऱ्यांना लिहायला सांगतात हल्ली. मन मोकळं होतं,” लेक म्हणाली.

“माझं मन तुंबलंय असं कोण म्हणालं?”

पण तिने वही घेतली. ह्या दोन खोल्यांत तिचा संसार झाला होता. नवरा इथेच गेला. दोन्ही मुलं इथल्याच फरशीवर रांगली. त्या खोल्या आता एका वहीवर ठरणार असतील तर वही भरायची. पाळी लागली की पाळी भरायची, एवढं तिला कळत होतं.

पहिल्या सकाळी ती टेबलाशी बसली. लिहिलं, ‘उठले. चहा केला.’ वाचलं. खोडलं. ही काय हजेरी होती? मग लिहिलं, ‘बरं वाटतंय.’ तेही खोडलं. कुणाला वाटतंय, कशाने वाटतंय, काही पत्ता नाही. नुसती हवा.

तिने खोलीभर नजर फिरवली. पलंग जागच्या जागी. भांडी जागच्या जागी. नवऱ्याचा फोटो सरळ. लिहिण्यासारखं काहीच दिसेना. चहा गार झाला. आयुष्यात तिने कुठलं काम अर्धवट टाकलं नव्हतं, आणि हे तर सुरूच होत नव्हतं. तिला स्वतःचाच राग आला.

तेवढ्यात मोरीतल्या नळाचा थेंब पडला. मग दुसरा. तिचा हात पेनाकडे गेला, जसा पट्ट्यावरच्या बाटलीकडे जायचा तसा, विचाराच्या आधी.

‘नळ गळतोय. चकती झिजली असणार.’

त्याखाली लिहिलं, ‘जिन्यातला दिवा गेलेलाच आहे. दुसऱ्या मजल्यावरचा. रखवालदार आजही उद्या म्हणाला.’

मग ती थांबेना. रोज सकाळी आदल्या दिवसाचं लिहायची. ‘खिडकीचं उजवं बिजागर सुटत चाललंय.’ ‘पावाची कड जळकी. बेकरीवाल्याला नेऊन दाखवली. कुरकुरला, पण बदलून दिला.’ ‘डावा गुडघा चढताना वाजतो. उतरताना नाही.’ ‘शिंपिणीला मी तीच गोष्ट दोनदा सांगितली. ती ऐकून घेते. तिने टोकायला हवं.’ ‘चादर धुतली, नीट पिळली गेली नाही. मनगटात जोर कमी.’ आणि दर दोन-तीन दिवसांनी, ‘जिन्यातला दिवा नाही. रखवालदार उद्या म्हणाला.’

शिंपीण दुपारचं काम आवरून वर यायची. दोघींची मैत्री जुनी, बोलणं रोखठोक. तिने वही उघडली आणि कपाळावर हात मारला.

“अगं, ही डायरी आहे का कोर्टातली कैफियत?”

“जे दिसलं ते लिहिलंय.”

“मग जरा गोड दिसू दे की. खोल्या ठेवायच्यात ना तुला? लिही, आज खिडकीत पाखरू आलं, मन प्रसन्न झालं. येतं की पाखरू.”

“येतं. वाळत घातलेल्या कपड्यांवर घाण करतं. लिहिलंय ते. मागचं पान बघ.”

शिंपिणीने मागचं पान बघितलं. खरंच लिहिलं होतं. ती हसता हसता खोकली, आणि खोकता खोकता म्हणाली, “तुला देव भेटला ना, तर त्याच्यातही बुडबुडा शोधशील.”

“असला तर दिसेलच.”

पण तिसऱ्या आठवड्यात जे झालं त्यावर शिंपीण हसली नाही. घारमावशीने दूध तापत ठेवलं आणि खाली कसला आवाज झाला म्हणून खिडकीशी गेली. दूध उतू गेलं, शेगडी विझली, गॅस येत राहिला. वास आल्यावर ती धावली, कळ बंद केली, दारं-खिडक्या सताड उघडल्या. कुणाला काही झालं नाही. शेगडी पुसली आणि तशीच ओल्या हातांनी वही काढली.

शिंपीण वर आली तेव्हा शाई अजून वाळत होती. तिने वाचलं आणि पान चिमटीत धरलं.

“हे फाड.”

“का?”

“का काय? ह्या एका ओळीवर तुझं बिऱ्हाड उचलतील ती पोरं. कुणी बघितलं नाही, कुणाला कळलं नाही. फाड, मी काही बोलणार नाही.”

“हात काढ.”

“घारे, ऐक माझं. शहाणी असशील तर...”

“वाईट बाटली पुढे सोडली की ती कुणाच्यातरी हातात फुटते,” घारमावशी म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण शिंपिणीने हात काढला. “डुलकी लागून सुटली असेल एखादी. बघून, जाणून मी एकही सोडली नाही. आता माझी स्वतःची आहे म्हणून सोडू? मग मी इथे राहिले काय आणि तिथे राहिले काय!”

पानावर लिहिलं होतं, ‘दूध उतू गेलं. शेगडी विझली. गॅस चालू राहिला. चूक माझी. ह्यापुढे दूध शेगडीवर असेपर्यंत जागा सोडायची नाही. स्टूल स्वयंपाकघरात आणून ठेवलंय.’

दोन दिवसांनी लेक आली. आई मोरीत असताना तिने वही चाळली. आई बाहेर आली तर लेक रडत होती.

“आई, तुला आयुष्यात काहीच चांगलं दिसत नाही का गं? पानामागून पान नुसती रडगाणी. मला वाटलं होतं, तू जुन्या आठवणी लिहिशील. बाबांबद्दल लिहिशील. आमच्याबद्दल.”

“चांगलं असतं ते पुढे जातं. त्याला कोण हात लावतो?”

“आणि हे गॅसचं? हेही मी वहीतून वाचायचं?”

“मग वही कशाला दिली होतीस?”

लेकीने डोळे पुसले आणि भावाला फोन लावला. संध्याकाळी तो गाडी घेऊन आला. आठवडाभर आमच्याकडे विश्रांती घे, म्हणाला. भांडायला घारमावशीकडे कारण होतं, पण गॅसची ओळ तिच्याच हातची होती. तिने कपडे भरले. वही वर ठेवली.

मुलाचं घर प्रशस्त. लिफ्ट, गरम पाण्याचा नळ, गुडघ्याला त्रास नको म्हणून उंच पलंग. सून मनाने चांगली. सासूचं ताट वाढून आणायची, उशी सारखी करायची. पहिल्याच दिवशी घारमावशीने दिवाणखान्यातलं भिंतीवरचं घड्याळ बंद पडलेलं पाहिलं आणि सुनेला सांगितलं.

“राहू द्या आई, हे बघतील.”

बाल्कनीच्या दाराला फट होती. “राहू द्या आई, माणूस येणार आहे.” मग कशाचाच उच्चार पुरता व्हायच्या आत उत्तर यायचं, “राहू द्या आई. इथे तरी डोळ्यांना सुट्टी द्या.” सून ते मायेने म्हणायची. म्हणूनच त्यावर काही बोलता येत नव्हतं.

सकाळी ती वही घेऊन बसायची. दुसऱ्याच्या पट्ट्यात हात घालायचा नाही, हा कारखान्यातला नियम. ह्या घराचा पट्टा सुनेचा. मग आपलं काय? शोधू लागली तर काहीच हाताला लागेना. उठले, आयता चहा आला. बसले, आयतं जेवण आलं. पहिलं पान कोरं राहिलं. मग दुसरं. पुढे पुढे तर वही उघडायचंही ती विसरू लागली.

शेवटच्या दिवशी मुलगा कामावरून आला, बूट काढता काढता भिंतीकडे बघून म्हणाला, “अरे, हे घड्याळ कधीपासून बंद आहे? आई, तू दिवसभर समोर बसतेस, तुला दिसलं नाही?”

घारमावशीने वर पाहिलं. काटे पहिल्या दिवशी होते तिथेच होते. आठवडाभर ती त्याच्या समोरच बसली होती. पहिल्या दिवसानंतर ते तिला दिसलंच नव्हतं.

ती घाबरली. जिन्यात पडली तेव्हा ती घाबरली नव्हती. गॅसच्या वासानेही एवढी घाबरली नव्हती.

परत तिच्या खोल्यांवर पोचवायला दोघंही आली. जिन्यातून मुलाने मोबाइलचा उजेड धरला, लेकीने आईचा दंड धरला. वर आल्यावर तिघं टेबलाशी बसली. महिना भरला होता.

मुलाने वही वाचायला घेतली. सुरुवातीची पानं भराभर उलटली, गॅसच्या पानावर थांबला, मान हलवली. मग पुढे कोरी पानं लागली आणि त्याचा चेहरा उजळला.

“हे बघ, ताई. आमच्याकडे आठवडाभर होती. एक तक्रार नाही! एकसुद्धा नाही! आई, आता तूच सांग. इथे पान भरून दुखणी, तिथे काही नाही. आणखी काय बघायचं राहिलं?”

लेक म्हणाली, “खरंच गं, आई. तिथे तू शांत होतीस.”

घारमावशी उठली. तिने स्वतःसाठी पाणी घेतलं, प्यायली, पेला पालथा घातला. मग मुलासमोर येऊन उभी राहिली.

“तुझ्या गोदामात माल येतो. गाडीच्या गाडी. तपासणाऱ्याने आठवडाभर कागद पाठवला, एकही नग खराब नाही. एकसुद्धा नाही. तू काय करशील? पेढे वाटशील?”

मुलाने वही खाली ठेवली.

“सांग की. हुद्देदार आहेस.”

“मी स्वतः जाऊन खोकी उघडेन,” तो हळू म्हणाला.

“का?”

“कारण... कारण त्याने बघितलेलंच नसणार.”

“आमचा मुकादमही तेच म्हणायचा. बाद पेटी रिकामी दिसली की तो धावत यायचा. काच चांगली निघतेय म्हणून नाही, बाई झोपली म्हणून. माझी पेटी कधी रिकामी नसायची.” तिने वही उलटून कोऱ्या पानांवर बोट ठेवलं. “ही बघ. तुझ्या घरी मी झोपले. डोळे उघडे ठेवून झोपले. घड्याळ पहिल्या दिवशी दिसलं होतं मला. शेवटच्या दिवशी नाही दिसलं. अजून दोन आठवडे राहिले असते तर तूही दिसला नसतास.”

“आई, असं काय बोलतेस!”

“तुझ्या बायकोत खोट नाही. सोन्यासारखी आहे. पण मला असं जपाल तर मी लवकर मरेन, हे लिहून ठेव. नाहीतर मीच लिहिते.”

लेक अजून मागे हटली नव्हती. “आणि गॅस? ती चूक तर तूच लिहिलीस ना?”

“लिहिली. म्हणून तुला कळली. म्हणून स्टूल आत आलं. त्यानंतर उतू गेलं का? ज्या दिवशी उतू जाईल आणि मी लिहिणार नाही, त्या दिवशी मला न्या. हातपाय बांधून न्या, मी हूं की चूं करणार नाही.” तिने वहीची सुरुवातीची पानं उघडली आणि दोघांच्या मध्ये ठेवली. “आता मी विचारते. हे दोघांनी वाचलंत ना?”

‘जिन्यातला दिवा गेलेलाच आहे.’ पुढे पुन्हा, ‘जिन्यातला दिवा नाही.’ पुन्हा. पुन्हा.

“वाचलं,” लेक म्हणाली.

“मी पडले कुठे?”

लेकीची नजर दाराबाहेरच्या जिन्याकडे गेली.

“त्याच वळणावर पडले. दिवा तेव्हाही नव्हता. म्हातारपणाने नाही पडले, काळोखाने पडले. जिन्यात स्टूल टाकून वर चढायचा मूर्खपणा मी करणार नाही, म्हणून रखवालदाराच्या मागे लागले, म्हणून वहीत लिहिलं. तुम्ही वाचलंत. वाचून मला विचारलंत, आई, तू दुःखी आहेस का? आणि आज त्याच काळोखातून मोबाइल धरून वर आलात. दिवा कुणी बदलला?”

मुलाने वही मिटली. मग उठला, चपला घातल्या.

“कुठे निघालास?” लेकीने विचारलं.

“कोपऱ्यावरच्या दुकानात.”

तो दिवा घेऊन आला. शिंपिणीकडून उंच घोडी आणली. लेकीने मोबाइलचा उजेड धरला, घारमावशीने घोडीचे पाय दोन्ही हातांनी दाबून धरले. शिंपीण खालच्या पायरीवर कमरेवर हात ठेवून उभी होती.

“काय गं, राहिलीस का?”

“पाळी माझीच आहे,” घारमावशी वर न बघता म्हणाली. “अरे, तिरका बसवतोयस. काढ, पुन्हा बसव.”

“लागेल गं, आई.”

“लागेल आणि आठवड्यात सुटेल. काढ.”

त्याने काढला, पुन्हा बसवला. वळणावरच्या पायऱ्या एकदम दिसू लागल्या. त्यांच्या झिजलेल्या कडा, कोपऱ्यातली धूळ, आणि भिंतीशी सुकून काळा पडलेला एक बटाटा. तो तिने उचलला.

निघताना मुलगा म्हणाला, “रविवारी येतो. वही काढून ठेव. जे माझ्याच्याने होईल ते करून जाईन.”

“हत्यारं घेऊन ये. बिजागर आहे.”

दुसऱ्या सकाळी ती टेबलाशी बसली. त्या दिवसाच्या पानावर दिव्याचा उल्लेख नाही. चालू वस्तूची नोंद होत नाही. खोल्या राहिल्या, त्याचीही नाही. दोनच ओळी आहेत.

‘रखवालदाराला वळणाचा कोपरा झाडायला सांगायचं.’

‘मुलाला घोडीवर चढताना धाप लागली. इतकी लागायला नको. रविवारी विचारायचं, आणि टाळाटाळ करू द्यायची नाही.’